वेळ नको, वार सांग

या सदराच्या वाचकांना आमचे घर आता चांगले परिचयाचे झाले आहे. सौ.चा स्वयंपाक, माझा विसरभोळेपणा, शेजाऱ्यांचे मांजर, यांविषयी मी आठवड्याच्या आठवड्याला लिहीत असतोच. दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवावे, असे संपादकांनी यंदाही कळवले. पण गेल्या दिवाळीत आमच्या घरात जे घडले ते मी अजून बाहेर कोणाला सांगितलेले नाही, आणि यंदा भाजणीचा वास घरात दरवळू लागला तसे मला दुसरे काही सुचेना. तेव्हा खुसखुशीतपणा कमी पडला तर वाचकांनी क्षमा करावी. शेवट मात्र गोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला उगाच काळजीत ठेवणे म्हणजे काय, ते मला आता ठाऊक झाले आहे.

आमच्या पुण्यात माणसाला दोन पाय असतात आणि दोन चाके असतात. दुचाकी नाही असे घर शोधून काढावे लागेल. आणि जिथे दुचाकी आहे तिथे तिची वाट पाहणारे एक माणूस आहेच. कुठे ती आजी असते, जिन्याच्या कठड्याला धरून उभी असते. कुठे बायको असते, जी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता कानाने रस्त्याचा कानोसा घेत असते. कुठे मुलगी असते, आणि वाट पाहणारा बाप वर्तमानपत्र उलटे धरून वाचत बसलेला असतो. अशा माणसांना गाड्यांतले काही कळत नाही. पण खालून शंभर गाड्या गेल्या तरी आपल्या घरची कोणती ती त्यांना आवाजावरून अचूक कळते. फटफटीवर स्वार एकच असतो. घरी तिच्या पाठीमागे चार जीव लोंबकळत असतात.

माझी आई अशीच होती. मी १९८४ साली एक जुनी येझदी घेतली, तेव्हा आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत होतो. संध्याकाळी सात वाजले की आई देवापाशी दिवा लावून ओट्यावर येऊन बसे. वाड्यात तेव्हा टेलिफोन नव्हता. मी बोळाच्या तोंडाशी वळलो की येझदीचा डबडब आवाज तिला ऐकू जाई, आणि मी गाडी स्टँडवर लावीपर्यंत ती आत जाऊन चहाचे आधण ठेवी. जणू काही ती ओट्यावर आलीच नव्हती!

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. आईच्या समाधानासाठी मी एक हेल्मेट घेतले होते. सकाळी निघताना ते मी मोठ्या ऐटीत डोक्यावर चढवी, आई दारातून हात हलवी, आणि बोळ संपला की तेच हेल्मेट हँडलला अडकवलेल्या दुधाच्या किटलीसारखे दिवसभर हेलकावे खात हिंडे. संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी ते पुन्हा डोक्यावर. का, तर त्या काळी मला केस होते आणि त्या केसांचा मला अभिमान होता. आई गेली. पुढे केसही गेले. तिला हे कधी कळले नाही, अशी माझी समजूत होती.

आता चिरंजीवांकडे वळतो. स्वारी गेली तीन वर्षे साताऱ्याला नोकरीला आहे. पुणे ते सातारा अंतर सुमारे एकशे दहा किलोमीटर. एसटी आहे, रेल्वे आहे. पण चिरंजीवांना फटफटीशिवाय दुसरे वाहन रुचत नाही. पहिल्या महिन्यात सौ.ने विरोध करून पाहिला. तो चालणार नाही असे दिसताच तिने विरोध सोडला आणि तीन नियम केले. पहिला, 'येण्याची वेळ सांगायची नाही, वार सांगायचा.' दुसरा, 'निघालास की मला कळव आणि पोचलास की कळव.' आणि तिसरा, 'मधल्या वेळात घरातल्या कोणीही त्याला फोन करायचा नाही.'

पहिल्या नियमाची मी फार थट्टा केली. "अगं, मुलगा येणार की पाऊस येणार? वार काय सांगायचा?" असे मी म्हणालो.

त्यावर ती म्हणाली, "आठला येतो म्हणून सांगितलं की आठला पोचायच्या ओढीनं हाकतात. माणूस उशिरा आलेला चालतो."

तिची ही काळजी मला बायकी वाटे. आपण पुरुषांनी कसे स्थितप्रज्ञ असावे! कोपऱ्यात बसून शब्दकोडे सोडवावे आणि 'येईल गं, कुठे जातोय?' असे अधूनमधून म्हणावे. अशा वेळी माझे कोडे पुढे सरकत नसे, ही गोष्ट निराळी.

गेल्या वर्षीची धनत्रयोदशी. चिरंजीवांनी वार सांगितला होता, वेळ सांगितली नव्हती. पण कचेरी सहाला सुटते हे मला माहीत होते, आणि माझा हिशेब मी मनातल्या मनात मांडून ठेवला होता. साडेसहाला निघणार, नऊला घरात. सौ. अनारसे तळत होती. आठला तिच्या फोनवर काहीतरी वाजले, तिने पिठाच्या बोटाने पाहिले आणि पुन्हा कढईकडे वळली. मी विचारले नाही. विचारले असते तर मी काळजीत आहे हे उघड झाले असते ना!

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. खाली मुले भुईचक्रे लावीत होती आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाबरोबर माझे कान टवकारत होते. सौ. मात्र शांतपणे अनारसे निथळत ठेवीत होती. मला तिच्या त्या शांतपणाचा राग आला. शेवटी मी फोन घेऊन गॅलरीत गेलो, दार लोटून घेतले आणि चोरासारखा त्याचा नंबर लावला.

घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा उचलला गेला आणि एक अनोळखी आवाज आला.

"कोण? पोराचं वडील का? काका, घाबरू नगा. पोरगा शुद्धीवर हाय. बोलतोय."

वाचकहो, त्या वाक्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. आज मी ते लिहितो आहे तर अक्षर हलते आहे.

बोलणारा गृहस्थ दुधाचा टेम्पो घेऊन चालला होता. खंबाटकीचा बोगदा मागे पडल्यावर, शिरवळच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला पसरलेल्या खडीवरून चिरंजीवांची गाडी घसरली होती. या भल्या माणसाने टेम्पो आडवा लावून मागची वाहने थोपवली, १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो मुलाशेजारी बसून राहिला. हेल्मेट त्याने ओढून काढले नाही. मानेला मार असला तर ओढाताणीने तो वाढतो, हे त्याला माहीत होते. पुढे मी त्याला विचारले, "पोलिसांची भीती नाही वाटली?" तर म्हणाला, "आता काय भ्या नाय, काका. कायदा बदललाय." आणि खरेच आहे ते. २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले आहे. जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला त्यापायी खटल्यात गुंतवता येत नाही, आणि त्याची इच्छा नसेल तर आपले नाव-गाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. चांगले वागण्याला कायद्याचा आधार लागावा हे दुर्दैव खरे. पण आधार आहे हे प्रत्येकाला माहीत असावे.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मी रात्रीच गेलो. गळ्याखालचे हाड मोडले होते, ढोपर आणि कोपर सोलवटले होते, डोक्याचे फोटो स्वच्छ निघाले होते. 'चतुर्दशीला घरी न्या,' असे डॉक्टर म्हणाले. तेव्हा नरकचतुर्दशीला आमच्या घरी अभ्यंगस्नान झाले ते दुपारी बारा वाजता. एक हात गळ्यात बांधलेला, म्हणून सौ.ने दुसऱ्या हाताला आणि पाठीला उटणे लावले. पंचवीस वर्षांचा घोडा, पण तिने लावू म्हटले आणि त्याने मुकाट्याने लावून घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. आत जाण्याचा मला धीर होत नव्हता.

कारण एव्हाना मला दोन गोष्टी समजल्या होत्या. आठला सौ.च्या फोनवर वाजला तो चिरंजीवांचा निरोप होता: 'काम लांबले, आत्ता निघतोय.' म्हणजे सव्वानऊला तो बरोबर जिथे असायला हवा तिथेच होता. उशीर त्याला झालेला नव्हता. उशीर फक्त माझ्या हिशेबात झाला होता. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तो पडला ती वेळ. सव्वानऊ.

तीन दिवस मी गप्प राहिलो. भाऊबीजेच्या रात्री त्याच्या खोलीत जाऊन विचारले, "माझा फोन वाजला तेव्हा तू..."

तो म्हणाला, "बाबा, तिथे खडी होतीच."

"ते नको. खरं सांग."

तेव्हा तो हळूच म्हणाला, "जाकिटाच्या खिशात फोन वाजला. गाडीवर असताना आपल्याकडून कधीच कोणी फोन करत नाही. मला वाटलं, आईला काही झालं. बघायला म्हणून डावा हात खिशात घातला. थांबायला हवं होतं, चूक माझी आहे."

चूक त्याची! साठच्या वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत तेहेतीस मीटर जाते. आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजापासून मागच्या विहिरीपर्यंत जाऊन परत यावे, एवढे ते अंतर. तेवढे अंतर तो माझ्यामुळे डोळे मिटल्यासारखा गेला. मला त्याची काळजी, त्याला आईची काळजी; दोन्ही काळज्या दोन बाजूंनी धावत सुटल्या आणि शिरवळच्या अलीकडे खडीवर एकमेकींवर आदळल्या. मध्ये आमचा मुलगा सापडला.

त्याला वाचवले ते हेल्मेटाने. ते हेल्मेट आमच्या कपाटावर अजून आहे. उजव्या कानावर लांब चीर गेली आहे आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपला आहे. एकदा असा मार खाल्लेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते, कारण तो थर एकदाच चेपतो आणि डोक्याच्या वाट्याचा धक्का आपल्या अंगावर घेतो. ते समोर ठेवून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत बसलो.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात आपल्या मोटारसायकलवरून चालला होता. सायकलीवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. वय छेचाळीस. त्याची आई त्या वेळी चीनमध्ये होती. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. पुढे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास हाती घेतला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेली माणसे रस्त्यावर मेली, हा आकडा त्यांनी १९४१ साली छापला. हेल्मेट घालणारे वाचतात हेही दाखवून दिले. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेटाची सक्ती केली. सर्वसामान्यांना ती लागू व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ सालीच वारले होते.

हे वाचून मला वाटले, काळजी करावी तर या वैद्यासारखी. तो 'जपून जा हो' म्हणत दारात उभा राहिला नाही. त्याने काळजीला कामाला लावले.

आमच्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सांगितले आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी 'आयएसआय' चिन्हाविना हेल्मेट विकण्यास देशात मनाई आहे. आणि तरीही सरकारी अहवाल सांगतो की, २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली.

या शेवटच्या आकड्यावर मी अडलो. मागे बसलेली म्हणजे कोण? आमच्याकडे मागे बसते ती सौ. मंडईत जाताना एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पदर खोचलेला, आणि डोक्यावर गजऱ्याशिवाय काही नाही! मुलासाठी तीन नियम करणारी ही बाई माझ्या मागे पंचवीस वर्षे उघड्या डोक्याने बसत आली आणि मला त्याचे कधी काही वाटले नाही. पुण्यातली आम्ही मंडळी हेल्मेटसक्तीविरुद्ध काय काय बोललो आहोत! मान दुखते, ऐकू येत नाही, गावात कुठे एवढा वेग असतो. मीही बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. त्या टाळ्या आता कानात नकोशा वाजतात.

पाडव्याची ओवाळणी राहून गेली होती. ती मी आठवड्याने दिली. सौ.साठी एक आणि माझ्यासाठी एक, अशी दोन हेल्मेटे आणली. दुकानदाराने पट्टा हनुवटीखाली बांधून दाखवला आणि डोके हलवायला सांगितले. डोके हलले की हेल्मेटही जागच्या जागी त्याच्याबरोबर हलले पाहिजे, नाहीतर ते आपले नव्हे. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पडते, असे तो म्हणाला. सौ. आता दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते. त्यासाठी ती मंडईला पंजाबी पोशाखात येते आणि ओढणीला घरीच गाठ मारते, चाकात जाऊ नये म्हणून.

हेल्मेटे घेऊन आलो त्या रात्री मी तिला माझी जुनी लबाडी सांगितली. येझदी, बोळाचे तोंड, हँडलला लटकलेले हेल्मेट, सगळे सांगितले. मला वाटले, ती थक्क होईल.

ती म्हणाली, "आईंना माहीत होतं ते."

"कसं शक्य आहे? मी बोळातच..."

"तुमच्या केसांवरून. दिवसभर हेल्मेट घालून आलेल्या माणसाचा भांग असा जागच्या जागी राहतो होय?"

मी काही वेळ बोललोच नाही. मग विचारले, "मग मला ती बोलली का नाही?"

"मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. म्हणाल्या, 'निघताना बोलले तर तो रागावून जाईल, आणि रागावलेला माणूस गाडी जोरात हाकतो. त्याला हसत निघू दे. त्याचं लक्ष रस्त्यावर राहू दे, माझ्याकडे नको.' वेळ नको, वार सांग, हेही त्यांचंच. मी फक्त पुढे चालवलं."

दहा वर्षे ती माउली रोज माझे केस पाहत होती आणि चहाचे आधण ठेवीत होती!

"पण तेवढं आईंचं चुकलं," सौ. पुढे म्हणाली. "बोलायला हवं होतं. दारात नाही आणि फोनवर नाही. जेवताना बोलायचं. ताटावर बसलेला माणूस ऐकतो, आणि तिथून कुठं पळूनही जात नाही."

तेव्हापासून आमच्याकडे तसे चालते. टायर गुळगुळीत झाला का, ब्रेक कधी पाहिले, रात्रीचे निघण्यापेक्षा पहाटे निघता येईल का, हे सारे जेवणाच्या वेळी, आमटी वाढता वाढता होते. दारात मात्र कोणी काही बोलत नाही. दारात फक्त हसायचे.

चिरंजीवांचे हाड जुळले. नवे हेल्मेट घेतले. फोन आता निघण्यापूर्वी बंद करून पाठीवरच्या पिशवीत जातो. फटफटी मात्र सुटली नाही, आणि ती सोड असे मी म्हणालोही नाही. माझी येझदी माझ्या आईने मला सोडायला लावली नव्हती.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्याही घरचे कोणीतरी कुठल्यातरी रस्त्यावर असेल. दिवाळीला सगळेच घराकडे निघालेले असतात. त्याला आत्ता फोन करू नका. चहाचे आधण ठेवा.

आमचे चिरंजीव धनत्रयोदशीला येणार आहेत. किती वाजता, ते मी विचारलेले नाही.